कोऱ्या कागदाचं कौतुक

४ जानेवारी

प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार.

माझं अक्षर किरटं झालंय अशी तुमची तक्रार होती, म्हणून जाड पेनाने लिहिते आहे. एका पानावर दहाच ओळी बसतात आणि पाकीट फुगलंय. पोस्टातल्या बाईने ते दोनदा वजनकाट्यावर ठेवलं.

बातमी अशी की माझा फॉन्ट पुरा झाला. नोकरी सोडल्यापासून चौदा महिने दुसरं काही केलं नाही. सोबत तक्ता जोडला आहे, मुळाक्षरं, बाराखडी आणि आकडे. आत्याने विचारलं तर सांगा, फॉन्ट म्हणजे अक्षरांचा अख्खा संच, एका घरातली भावंडं वाटावीत असा.

ही भावंडं फक्त वर्तुळ आणि सरळ रेघ यांच्यातून निघाली आहेत. कुठे बोरूचा जाड-बारीकपणा नाही, फराटा नाही. आणि प्रत्येक अक्षर पोकळ आहे. कडेने एकाच जाडीची रेघ फिरते, आत नुसता कागद. शिरोरेषा एखाद्या नळीसारखी शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. सगळ्यात जास्त छळलं ते तिनेच. दोन अक्षरं शेजारी आली की जोडावर उभी रेघ दिसायची, खोलीत मध्येच भिंत घातल्यासारखी. त्या भिंती पाडण्यात अडीच महिने गेले. मी अजून तुमची रबरच आहे, काढलं त्याच्या दुप्पट खोडलं.

हे मथळ्याचं अक्षर आहे. पोस्टरवर शोभेल, दुकानाच्या पाटीवर शोभेल. यात कोणी कादंबरी छापू नये. पण परिवहन कार्यालयाला ते इतकं आवडलंय की तुमच्याकडच्या नव्या डेपोच्या दर्शनी भागावर तर ते लागणारच आहे, शिवाय गाड्यांच्या पाट्यांवरही घ्यायचं म्हणतात. चारशे गाड्या, बाबा!

तुम्ही चाळीस वर्षं रस्त्यांचे नकाशे काढलेत. माझ्या वहीतला 'ळ' तीन-तीनदा काढायला लावलात. तेव्हा जराही दयामाया न दाखवता तक्ता बघा आणि चुका लिहून पाठवा. फोनवर तुम्ही 'बरंय'च्या पुढे सरकत नाही, म्हणून लिहाच.

तुमची
रबर


१५ जानेवारी

चि. रबर हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तक्ता पाहिला. उत्तम आहे. प्रमाण छान साधलंय, वर्तुळं स्वच्छ आहेत. चारशे गाड्या म्हणजे काही गंमत नाही. अभिनंदन.

तुझ्या आत्यालाही दाखवला. ती म्हणाली, "आत रंग भरायचा राहिलाय का?" जन्मभर कपडे शिवलेल्या बाईला खडूची रेघ म्हणजे पुढे कात्री लावायची खूण, एवढंच कळतं. मनावर घेऊ नकोस.

इकडे सगळं ठीक. बाथरूमचा नळ गळत होता, तो मी बदलला. हे पेन नवीन आहे, शाई फार सोडतं, त्यामुळे अक्षर जरा मोठं आलंय.

तुझे
बाबा


२२ जानेवारी

प्रिय बाबा,

'उत्तम' म्हणजे काय?

मी दहावीला शाळेत दुसरी आले तेव्हा तुम्ही 'पहिली कोण?' असं विचारलं होतंत. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तुम्ही लाल पेन्सिलीने तीन खुणा केल्या होत्यात. आणि आता चौदा महिन्यांच्या कामाला साडेतीन ओळी, त्यात एकही चूक नाही? तुम्हाला तो आवडला नाही आणि तसं सांगायचा कंटाळा आलाय, एवढाच अर्थ मला लागतो.

पत्र आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. खुर्चीतून उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते. जेवण उभ्यानेच. खालच्या मजल्यावरच्या आजींनी काल वर येऊन विचारलं, "बाई, कोणाला बाळंतपणाची तारीख-बिरीख दिली आहे का? दिवसभर चालण्याचा आवाज येतो."

मग मी पुन्हा सगळं उघडून बसले. वाटलं, बाबांना ते ठोकळ्यांसारखं वाटलं असणार. म्हणून रेघ आणखी बारीक केली, आतली पोकळी वाढवली. अक्षरं आता हवेशीर दिसतात. खरं सांगायचं तर घ आणि ध शेजारी ठेवले की मला धाकधूक होती. भ आणि मचंही तेच. पोकळ रेघेत ती छोटीशी गाठ कुठे उघडते आणि कुठे मिटते हे पटकन कळत नाही. वाटलं होतं, तुम्ही पहिल्यांदा तेच धराल. तुम्ही धरलं नाहीत, म्हणजे ती शंका माझ्याच डोक्यातली. सोडून दिली.

बदललेला तक्ता सोबत आहे. या वेळी नीट बघा. एक तारखेपासून तुमच्याकडच्या बारा गाड्यांवर ही नवी अक्षरं चाचणीसाठी लागताहेत. त्या ठीक चालल्या की चारशे पाट्यांच्या करारावर सही.

तुमची
रबर


३ फेब्रुवारी

चि. रबर हिस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. दुसरा तक्ता पहिल्यापेक्षा सरस आहे. रेघ फार नाजूक झालीय. पान कसं प्रसन्न, मोकळं दिसतं. आता याला हात लावू नकोस. खोडण्यालाही कुठे तरी थांबवावं लागतं.

थंडी कमी झाली. आत्याची कंबर बरी आहे.

तुझे
बाबा


९ फेब्रुवारी

बाबा,

आज प्रिंटरचा खालचा कप्पा उघडला. आत एक कागद अडकून बसला होता. तुमचा तक्ता. दुसरा, बदललेला.

म्हणजे पाकिटात घडी करून मी तुम्हाला पाठवला तो कोरा कागद होता. गडबडीत मी बघितलं नाही, ही माझी चूक. पण तुम्ही त्या कोऱ्या कागदाचं कौतुक केलंत! 'पान कसं प्रसन्न, मोकळं दिसतं.' दिसणारच! त्यावर काही नव्हतंच!

आधी मला हसू आलं. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि तोंड कडू झालं. तुम्ही तक्त्याची घडी उलगडलीही नसणार. बरोबर आहे, मुलगी अक्षरं अक्षरं करत बसते, तिला दोन गोड शब्द लिहून टाकले की महिनाभर गप्प बसेल. आत्याने निदान रंग भरायचा राहिलाय का असं तरी विचारलं. तिने बघितलं तरी.

लग्न मोडलं तेव्हा लोक काय काय बोलले. मला काही वाटलं नाही, कारण तुम्ही एकदाही खोटं समाधान केलं नव्हतंत. म्हणाला होतात, "तुझंही चुकलंय, पण घरी ये." त्या माणसाला मी तक्ता पाठवला होता. पत्रं लिहितोय तो कोण आहे, मला माहीत नाही.

रबर


१७ फेब्रुवारी

चि. रबर हिस आशीर्वाद.

तुझं म्हणणं खरं आहे. पाकीट उघडलं आणि आतला कागद न बघताच ठेवून दिला. आळस, दुसरं काही नाही. माझं चुकलं.

भरपाई म्हणून मंगळवारी सकाळी स्टँडवर गेलो. म्हटलं, कागद राहू दे, पाट्याच प्रत्यक्ष बघू आणि तुला खरोखरीचं मत देऊ. बघता बघता वाटलं, आपण तुझ्याकडेच यावं. एक ओळखीचा माणूस भेटला, त्याच्याशी गप्पांच्या नादात भलत्याच गाडीत चढलो आणि धरणावर जाऊन पोचलो. छान हवा होती. दुपारच्या गाडीने परत आलो. काळजीचं काही नाही.

पाट्या चांगल्या आहेत.

बाबा


(त्याच पाकिटात)

चि. सोने,

दादाने पाकीट पोस्टात टाकायला दिलं, चिकटवायचं विसरला होता. मी वाचलं. वाचलं तर वाचलं.

कसला ओळखीचा माणूस आणि कसल्या गप्पा! स्टँडवरच्या चहावाल्याने मला सगळं सांगितलं. दादा अर्धा तास गाड्यांच्या तोंडाशी उभा होता. एकेका पाटीला नाक लावून बघत होता. चहावाला म्हणतो, "आम्हाला वाटलं काका पाटीचा वास घेतायत." मग एका गाडीपाशी जाऊन त्याने एका बाईला विचारलं, "ही एक्केचाळीस ना?" तिने वर बघितलं आणि "हो बहुतेक" म्हणाली. ती होती एकोणपन्नास. धरणाची. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले आणि हा तिथेच बसून, कंडक्टरला तुझ्या गल्लीचा पत्ता विचारतोय. धरणाच्या रखवालदाराने मला फोन केला तेव्हा अडीच वाजले होते. आणायला रिक्षाने गेले तर हा पायऱ्यांवर बसलेला, तोंड एवढंसं.

नळ त्याने बदलला नाही, प्लंबर येऊन गेला. सदऱ्याची बटणं गेलं वर्षभर एक घर चुकवून लावतो. मी शिंपीण आहे, मला दिसत नाही का? चहा ओतताना कपात बोट बुडवतो, कुठपर्यंत आला ते कळावं म्हणून. मी विचारलं तर म्हणतो, "साखर बघतोय."

मी काही बोलले नाही, कारण मग तो माझ्याशीही खोटं बोलायला लागेल. तू बोल. तुझं ऐकतो.

आत्या


२१ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

आत्याची चिठ्ठी तुमच्याच पाकिटात होती. तिच्यावर चिडू नका.

काल बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. चाचणीच्या बारापैकी दोन गाड्या इकडे येतात. पहिली वळणावरून आली आणि साठ-सत्तर पावलांवर असताना मी माझीच पाटी वाचायचा प्रयत्न केला. शेजारी हातात पिशवी घेतलेल्या एक बाई होत्या, तुमच्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "कितीची आली गं?" मला सांगता येईना! राखाडी धूसर पट्टी दिसत होती. १ आणि ९ मी एकाच वर्तुळातून काढलेत, शेपटाचा काय तो फरक, आणि रेघ इतकी बारीक की लांबून ते शेपूट उन्हात विरघळतं. कार्यालयाच्या बैठकीत सगळ्यांनी दहा फुटांवरून बघून टाळ्या वाजवल्या होत्या. गाडी अंगावर आली तेव्हा मी 'एक्केचाळीस' म्हटलं. त्या बाई पुढे धावल्या, पण तेवढ्यात गाडी थांबून निघालीही.

आणि ती रेघ मी बारीक केली ती तुमचं 'उत्तम' वाचून.

हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. मला एवढंच सांगा, तुम्हाला काय दिसतं? किती दिवस झाले? मी रागावणार नाही, रडणार नाही, धावत येऊन डोक्यावर बसणार नाही. दहा मार्चला सही आहे. चारशे गाड्यांचं काम एकदा सोडलं तर परत मिळणार नाही हे मला माहीत आहे. तोवर खरं लिहा.

तुमची
रबर


२८ फेब्रुवारी

चि. रबर,

दोन वर्षं झाली.

समोर बघतो तिथे नेमका मधला भाग पुसल्यासारखा असतो, कडेचं दिसतं. तुझी आत्या दारात उभी राहिली तर दार दिसतं, तिचे खांदे दिसतात, तोंड दिसत नाही. मी डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो, आत्याला चप्पल आणायला जातो असं सांगून. दोन्ही वेळा खरोखर चप्पल आणावी लागली. डॉक्टर म्हणाले, पडदा झिजलाय, गेलं ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळण्यासाठी इंजेक्शन आहे, ते घ्यायला मी गेलो नाही. डोळ्यात सुई म्हटल्यावर माझं धैर्य संपलं. तूही हे आत्याला सांगू नकोस.

तुझी पत्रं मी भिंगाने वाचतो. मान तिरकी करून एकेक शब्द पकडायचा. एका पत्राला दोन सकाळी लागतात. म्हणून जाड पेनाचा हट्ट. तुझ्या तक्त्यावर मात्र भिंग फिरवलं आणि काहीच हाताला लागलं नाही. कुठे एक तुटकी रेघ, कुठे नुसती छटा. तुला काय लिहायचं? नापसंत म्हणावं तर न बघता कसं म्हणू? आणि दिसत नाही असं लिहिलं असतं तर तू काम टाकून आली असतीस. वाटलं, 'उत्तम' म्हटल्याने कोणाचं वाईट होणार आहे?

धरणावर रखवालदाराने मला हात धरून पायऱ्यांवर बसवलं. चांगला माणूस. पण त्याने विचारलं, "आजोबा, घरी कोणी आहे का?" तेव्हा मला माझी जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात वाटली नव्हती. ज्या भागाचे सगळे रस्ते मी कागदावर काढले, तिथे मी हरवलो.

सहीचं तुझं तू ठरव. माझ्याकडे बघून ठरवू नकोस. त्या पिशवीवाल्या बाईंना डोळ्यांचा आजार नव्हता, एवढंच लक्षात ठेव.

बाबा


१६ मार्च

प्रिय बाबा,

तुम्ही सुईला हो म्हणालात हे आत्याने फोनवर सांगितलं, म्हणजे तिला तुम्हीच सगळं सांगितलंत. पंचवीस तारखेला मी येते, बरोबर जाऊ. मी हात धरणार नाही. तुम्हाला धरावासा वाटला तर धरा.

आता दहा तारखेचं. कागद टेबलावर मांडलेले, मुख्य अधिकारी बाईंनी पेनाचं टोपण काढलेलं. मी म्हटलं, "सहीआधी पाच मिनिटं खाली चला."

"खाली काय आहे?"

"गाड्या."

पाच-सहा जण कुरकुरत खाली आले. फाटकापाशी उभं करून मी विचारलं, "ती येते आहे ती कितीची?" उपअधिकारी छाती काढून म्हणाले, "एक्केचाळीस." जवळ आली, एकोणपन्नास. पुढची त्यांनी बराच वेळ डोळे बारीक करून 'सत्तेचाळीस' ठरवली. ती एक्केचाळीस होती. तिथे पान खात बसलेला एक ड्रायव्हर मोठ्याने हसला. "साहेब, आम्ही पाटी वाचतच नाही. गाडीच्या खडखडाटावरून ओळखतो."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे अक्षर तुम्हीच आणलंत. आता तुम्हीच नापास करताय?"

"गाडीवर नापास. डेपोच्या दर्शनी भागावर सहा फुटी लावा, माणूस उभा राहून मान वर करून बघेल, तिथे ते छान दिसेल. धावत्या गाडीवर भरीव अक्षर हवं. मी करून देते."

"मग हे आधी का नाही सांगितलं? बारा गाड्या रंगवून झाल्या."

मी म्हटलं, "आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं." ते अर्धंच खरं होतं, बाबा. घ आणि धची शंका मला पहिल्या दिवसापासून होती. चारशे हा आकडा ऐकल्यावर मला ती नकोशी झाली, आणि तुमच्या 'उत्तम'चा आडोसा घेऊन मी ती टाकून दिली. जिना चढताना हे सुचलं, तेव्हा परत फिरून बाईंना तसं सांगितलंही. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

गाड्यांचं काम गेलं. भरीव अक्षर दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेणार आहेत, माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. बारा गाड्यांवर जुन्या पाट्या परत लागल्या. डेपोवरची अक्षरं तेवढी राहिली, 'बस स्थानक', लोखंडी पाईप वाकवून करायची. नकाशा गेल्या आठवड्यात तुमच्याकडच्या वेल्डरला गेला.

मी रडले, आधी सांगितलं होतं त्याच्या उलट. मग एक पूर्ण दिवस झोपले. पण पाय अजून शांत नाहीत. खालच्या आजी काल परत वर येऊन गेल्या.

तुमची
रबर


२२ एप्रिल

चि. रबर हिस अनेक आशीर्वाद.

दुसरी सुई परवा झाली. पहिलीपेक्षा कमी घाबरलो. मधलं काही उजळलेलं नाही, पण आणखी पुसलंही गेलेलं नाही.

हे पत्र तातडीचं आहे. काल आत्याला घेऊन मी वेल्डरच्या शेडमध्ये गेलो. 'बस'मधला ब तयार होऊन भिंतीला टेकवून ठेवलाय, माझ्यापेक्षा उंच. वेल्डरला म्हटलं, "हात लावू का?" तो म्हणाला, "लावा काका, थंड झालाय."

मी वरपासून सुरुवात केली. शिरोरेषा गुळगुळीत, कोपरा काटकोनात, शाबास. पाईप सगळीकडे एका जाडीचा, दोन रेघांतलं अंतर वितीला वीत सारखं. पुढे सरळ रेघ संपून ब चं पोट सुरू होतं तिथे हात अडखळला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच. बोटभर कुबड आहे. आतल्या रेघेला आणि बाहेरच्या रेघेला, दोन्हीकडे.

वेल्डर म्हणाला, "माझी चूक नाही, नकाशाप्रमाणे वाकवलंय." खरं आहे त्याचं. चूक तुझी आहे.

तू सरळ रेघेला थेट वर्तुळ जोडलंस. कागदावर ते टोकाला टोक बरोबर जुळतं, म्हणून तुला वाटलं झालं. रस्ता असा काढला तर वळणावर गाडीतली माणसं एकमेकांच्या अंगावर पडतील. सरळ रस्ता एकदम वर्तुळात शिरत नाही. आधी थोडं थोडं वळायला लागतो, मग जास्त, मग पुरता वळतो, आणि बाहेर पडताना तसाच हळूहळू सरळ होतो. हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. तुझ्या संचात जिथे जिथे सरळ रेघ गोलाला मिळते, तिथे तिथे ही चूक असणार. व, ब, क, सगळीकडे. आकड्यांतही. सगळं पुन्हा उघड.

प्रमाण चांगलं आहे. शिरोरेषा चांगली आहे. 'क' मी अजून पाहिलेला नाही, कारण मी काम थांबवलं आहे. वेल्डर चिडला. डेपोच्या मॅनेजरने येऊन विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं, अक्षरं तपासणारा. तुला फोन आला तर हो म्हण, मला तोंडघशी पाडू नकोस. आत्या तिथेच स्टुलावर बसून राहिली, मी मॅनेजरशी बाहेर बोलून परत येईपर्यंत तिने कोणाला पाईपला हात लावू दिला नाही.

वेल्डर सोमवारपर्यंत थांबेल, त्यापुढे नाही. रविवारी सकाळच्या गाडीने नवा नकाशा घेऊन ये. पूर्ण मापाचा आण, जमिनीवर पसरता येईल असा. मी गुडघ्यावर बसून बघेन.

तुझे
बाबा